भुतांचा रिकामा वाडा



परवा कॅलिफोर्नियाहून नातवाचा फोन आला. स्वारी रुसलेली होती. आवडत्या पार्कमध्ये नवी राइड येणार असं जाहीर होऊन कितीतरी दिवस झाले, आणि तिथे अजून नुसते पत्रे ठोकलेले! "आजी, एवढा वेळ का गं लागतो?"

जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला असा प्रश्न विचारला की सुटका नसते. मी त्याला डिस्नेलँडमधल्या भुतांच्या वाड्याची, म्हणजे हाँटेड मॅन्शनची गोष्ट सांगितली.

डिस्नेलँड 1955 साली उघडलं. 1957 मध्ये केन अँडरसन या कलाकाराकडे भुताच्या घराचं काम आलं. पुढे 1963 साली पांढऱ्या खांबांचा सुबक वाडा बाहेरून बांधून तयार झाला. निवृत्त भुतांनी इथे राहायला यावं, अशी गमतीची पाटीही लागली. आणि दार मात्र उघडलं 9 ऑगस्ट 1969 ला! सहा वर्षं वाडा रिकामा.

आळस म्हणावा, तर तसंही नाही. पहिली अडचण माणसांची. न्यूयॉर्कला 1964-65 साली जागतिक प्रदर्शन भरलं, त्यासाठी डिस्नेच्या मंडळींनी चार मोठे खेळ तयार केले. हुशार हात तेवढेच, ते तिकडे गुंतले. मग समुद्री चाच्यांची राइड आली, ती 1967 मध्ये पुरी झाली.

दुसरी अडचण गर्दीची. लोकांनी वाड्यातून चालत जायचं, असं आधी ठरलं होतं. पण मुलांची सहल कधी संग्रहालयात नेलीत का हो? एक जण तलवारीपाशी थांबला की मागची अख्खी रांग खोळंबते. तासाला हजारो माणसं अशी कशी जाणार? शेवटी न थांबता साखळीसारख्या सरकणाऱ्या गाड्या सापडल्या. गाडी हवी तिकडे वळते, म्हणजे माणसाने काय बघायचं तेही गाडीच ठरवते! 1967 मध्ये त्याच पार्कातल्या दुसऱ्या राइडमध्ये त्या आधी वापरल्या गेल्या, मग वाड्यात आल्या.

तिसरी अडचण जागेची. बाहेरून दिसतो तो वाडा म्हणजे नुसता दर्शनी भाग. खरी राइड रेल्वेच्या बांधापलीकडच्या इमारतीत आहे. लोकांना लिफ्टने खाली उतरवून रुळांखालून तिकडे नेतात. 2008 साली लेकीबरोबर गेले होते तेव्हा मला वाटलं छतच वर चाललंय! खाली आपणच जात होतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. 15 डिसेंबर 1966 ला वॉल्ट डिस्ने गेले. वाडा घाबरवणारा असावा की हसवणारा, यावर कलाकारांची दोन मतं होती, आणि निकाल देणारा माणूसच उरला नाही. शेवटी दोन्ही ठेवलं. सुरुवातीला भीती, पुढे भुतांची धमाल. वॉल्टना मात्र हे बघायला मिळालं नाही.

हे सांगताना मला आमचे मुख्याध्यापक आठवले. शाळेच्या प्रयोगशाळेच्या भिंती उभ्या राहिल्या आणि काम चार वर्षं अडलं. एका सभेत मी सगळ्यांदेखत म्हणाले, "सर, नुसत्या भिंती दाखवून पालकांना किती दिवस फसवणार?" ते काहीच बोलले नाहीत. पुढे कळलं, की नळजोडणी आणि मंजुरीसाठी ते सुट्टीच्या दिवशीही पदरच्या पैशाने तालुक्याला खेटे घालत होते. प्रयोगशाळा उघडली, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. उद्घाटनाला ते मागच्या रांगेत बसले होते. मी जाऊन क्षमा मागायला हवी होती. नाही मागितली. आता ते नाहीत.

नातवाला हे सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हटलं, "पत्र्यांच्या मागे कोणीतरी खपत असतं रे, आपल्याला दिसत नाही."

"पण किती दिवस, आजी?"

असो. त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही.