अंगणातली शाळा

वाचकहो, नोर्डवाइकच्या समुद्रकिनारी तुम्ही कधी ना कधी फिरायला गेला असाल. त्याच गावी ६ मे १९५२ रोजी मारिया माँटेसरी यांचे निधन झाले. इथल्या माँटेसरी शाळा तुमच्या परिचयाच्या आहेत. काहींची मुले तिथे शिकतही असतील. मुलाला शिकावेसे का वाटते, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर महाराष्ट्रातही फार पूर्वीच पोहोचले होते.

१९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत माँटेसरींनी पहिले बालगृह उघडले. मनाजोगते काम हाती आले, की मुले बक्षिसाकडे पाहतही नाहीत, हे त्यांना तिथे दिसले. लाकडी ठोकळ्याच्या खाचांत लहानमोठ्या खुंट्या बसवताना एखादी चुकली, तर शेवटची खुंटी बसतच नाही. चूक मुलाला आपोआप कळते. बाईंनी रागावायची गरज उरत नाही. १९३६ मध्ये त्या नेदरलँड्सला आल्या, १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला गेल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ सालीच नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पण गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी जन्माला आली. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पाने आली. पुढे १९५७ पासून कोसबाडला, गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी चक्क कुरणात शाळा भरू लागली. १९७५ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या बालविकास योजनेतल्या केंद्रांनाही 'अंगणवाडी' हेच नाव मिळाले.

आता आपल्या घरचे पाहू. आठवडाभर डच बोलणारे मूल मराठीच्या वर्गाला जायचे म्हटले की कुरकुरते. मग आपण एक तर रागावतो, नाही तर आइस्क्रीमचे आमिष दाखवतो. त्यापेक्षा विचारा, या मुलाचे अंगण कुठे आहे? ते फुटबॉलच्या मैदानावर आहे, सायकलच्या वाटेवर आहे, कालव्यातल्या बदकांपाशी आहे. कालच्या सामन्यात गोल कसा झाला, ते त्याला मराठीत सांगू द्या. सिंटरक्लासची गोष्ट व्हिडिओ कॉलवर आजीला ऐकवू द्या. मध्ये एखादा डच शब्द आला तर लगेच टोकू नका, आजीने "म्हणजे काय रे?" विचारले, की मराठी शब्द ते स्वतःच शोधेल.

आणि इथेच वाढलेल्या तरुण वाचकांनो, तुमच्या लहानपणी मराठी तुम्हाला कुठे गोड लागली, हे तुम्हीच जाणता. यंदा वर्गात एक तास येऊन बसा. या मुलांचे अंगण तुमच्याइतके कोणाला ठाऊक असणार?