रॉयल ऑपेरा हाऊस, मुंबई

मुंबईत चर्नी रोड स्थानकाजवळ असलेले बरोक शैलीतील नाट्यगृह. कोलकात्यातील रंगभूमी-व्यावसायिक मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतील जहांगीर फ्रामजी कराका यांनी ते उभारले. 1911 मध्ये पंचम जॉर्ज यांनी उद्घाटन केले तेव्हा बांधकाम अजून अपुरेच होते. ‘ऑपेरा क्वचितच झालेले ऑपेरा हाऊस’ अशी या वास्तूची थट्टा होते. तिच्या नोंदवहीत संगीत नाटकांतले गायक-नट बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर, तसेच नट पृथ्वीराज कपूर ही नावे आहेत, त्यामुळे थट्टेला आधारही मिळतो. तरीही ही थट्टा फसवी आहे. या सभागृहाचे छत असे घडवले की वरच्या गॅलरीतल्या प्रेक्षकालाही प्रत्येक शब्द, प्रत्येक स्वर नीट पोचावा. ध्वनिवर्धकाशिवाय गाणाऱ्या गळ्याला नेमके हेच हवे असते, मग पद इटालियन असो की मराठी. ऑपेरात बहुतेक सारे गाऊन सांगतात, संगीत नाटकात गद्य संवादांमध्ये पदे येतात, म्हणून ही तुलना ओढूनताणून केलेली आहे, असा आक्षेप घेता येईल. साहित्यप्रकार म्हणून तो मान्य करावा लागतो; पण छताला साहित्यप्रकार कळत नाहीत. ‘वन्समोअर’ घेणाऱ्या नटालाही शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचाच असतो.

आत शिरल्यावर नजर आधी वर जाते. घुमटाचे आठ भाग कवी, कादंबरीकार आणि नाटककारांना वाहिलेले आहेत, आणि बाहेरच्या दालनातली स्फटिकाची झुंबरे ससून घराण्याने दिलेली. 1930 नंतर बोलपटांनी नाटक मागे लोटले. 1935 मध्ये चित्रपटगृहासाठी फेरफार झाले आणि त्यात बाजूचे बॉक्स गेले. 1952 मध्ये गोंडलच्या महाराजांनी वास्तू विकत घेतली. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला दारे बंद झाली. वारसा-संवर्धन वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला, गेलेले बॉक्स पुन्हा बांधले गेले आणि ऑक्टोबर 2016 मध्ये पडदा पुन्हा वर गेला. यावरही आक्षेप आहे: बॉक्स पुन्हा बांधताना सिनेमाचा काळ खरवडून टाकला, तोही इतिहासच होता. हे म्हणणे वजनदार आहे, आणि आजचे बॉक्स मूळचे समजून कौतुक करणे चूकच. पण सिनेमाला लागतो तो पडदा आणि अंधार, दुसऱ्या छपराखालीही मिळणारा. उघड्या गळ्यासाठी बेतलेले हे सभागृह मात्र एकदा मोडले की त्याला पर्याय नाही. म्हणून निवड करणे भागच असेल, तर आवाजाच्या बाजूने केलेली ही निवड योग्य वाटते. गिरगावकरांपुरते बोलायचे, तर ‘ऑपेरा हाऊस’ हे नुसते इमारतीचे नाव राहिलेले नाही, ते केव्हाच परिसराचे नाव झाले आहे. इमारत दारे बंद करून उभी होती, तेव्हाही लोक ‘ऑपेरा हाऊसला’ उतरत होतेच.

2017 मध्ये या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला.