27 दिवस आणि 1127 मागण्या

इ.स.पू. 74 च्या उन्हाळ्यात हान सम्राट चाओ निपुत्रिक वारला. वय जेमतेम विशीचं. कारभाराच्या साऱ्या दोऱ्या सेनापती हुओ ग्वांगच्या हाती होत्या. त्याने चाओचा पुतण्या, छांग-यीचा राजा लियू ह याला छांग-आन या राजधानीत बोलावून घेतलं. अठरा-एकोणीस वर्षांचा हा मुलगा गादीवर आला आणि सत्ताविसाव्या दिवशी उतरवला गेला.

पुढे दीडएकशे वर्षांनी बान गूने रचलेल्या ‘हान-शू’त त्याच्यावरचं आरोपपत्र उतरवलेलं आहे. सुतकात मांसाहार केला, येताना वाटेत बायका गाडीत लपवून आणवल्या, चाओची शवपेटी वाड्यात असताना वाद्यं वाजवली. अशी ती यादी लांबत जाते. तिच्यातला सर्वांत गाजलेला आकडा 1127. या पोराने 27 दिवसांत 1127 दुष्कृत्यं केली, असं पुढे सर्रास लिहिलं गेलं. मूळ मजकुरातली मोजदाद मात्र दुष्कृत्यांची नाही. शिक्का हाती आल्यापासून सम्राटाचे दूत अधिकारचिन्ह घेऊन निरनिराळ्या कचेऱ्यांत गेले आणि त्यांनी ज्या मागण्या केल्या, त्या 1127. दिवसाला सरासरी 42.

माझ्या मते सगळं प्रकरण या वाक्यात आहे. लियू हने छांग-यीहून आपल्या पदरची माणसं आणली होती. त्याला उतरवल्यावर त्यांतल्या 200 हून अधिक जणांना ठार करण्यात आलं. निव्वळ चैनीची ही शिक्षा वाटत नाही. नवा सम्राट आपल्या माणसांकरवी, हुओला वगळून हुकूम सोडू लागला होता, हे हुओला खुपलं असणार. मंत्र्यांची संमती कशी मिळाली, तेही ‘हान-शू’ लपवत नाही: पदच्युतीचा विषय निघताच सगळे गप्प झाले, तेव्हा हुओच्या बाजूचा मंत्री थ्येन येन-न्येन तलवारीला हात घालून उभा राहिला आणि होकार द्यायला जो मागे राहील त्याला कापीन म्हणाला. आरोपपत्र वाचलं गेलं ते राजमातेसमोर. ती पंधरा वर्षांची होती आणि हुओचीच नात, मुलीची मुलगी.

पण एवढ्यावरून लियू हला निर्दोष ठरवता येत नाही. त्याच्याच दोन अधिकाऱ्यांनी त्याला पुन्हापुन्हा बजावलं होतं आणि तेवढ्यामुळे त्यांचे जीव वाचले. वाचलेला तिसरा त्याचा गुरू वांग श. लेखी कानउघाडणी का केली नाहीस, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, की काव्यसंहितेतल्या 305 कविता मी राजाला सकाळ-संध्याकाळ शिकवत होतो, तीच माझी कानउघाडणी. 2011 मध्ये नान्छांगजवळ लियू हचं थडगं उजेडात आलं. त्यातल्या 5000 हून अधिक बांबूपट्ट्यांत ही संहिता निघाली आणि तिच्यावर कवितांची संख्या नोंदलेली आहे: 305. पुस्तकं सापडली म्हणून माणूस सज्जन ठरत नाही. पण गुरूची साक्ष मात्र जमिनीखालून पक्की झाली.

पदच्युतीनंतर त्याला छांग-यीला परत पाठवून पहाऱ्यात ठेवलं. इ.स.पू. 64 मध्ये चांग छांग या अधिकाऱ्याने नव्या सम्राटाला, म्हणजे श्वानला, त्याचं वर्णन कळवलं: सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, काळसर, बारीक डोळ्यांचा, विरळ दाढीचा, उंच, चालायला त्रास होणारा. थोडक्यात, यापासून धोका नाही. पुढच्याच वर्षी त्याला दक्षिणेत हाय-हुनची जहागीर मिळाली, 4000 घरांच्या महसुलाची. पण राजकुळाच्या पूर्वजपूजेत भाग घ्यायची मनाई झाली. थडग्यातल्या काही सोन्याच्या चकत्यांवर शाईने लिहिलं आहे, की हाय-हुनचा सरदार, आपला सेवक ह, याने त्या वर्षीच्या पूर्वजपूजेसाठी दिलेलं हे सोनं. तयार करून ठेवलेलं हे सोनं राजधानीत स्वीकारलंच गेलं नसावं, असा माझा तर्क आहे. सोनं आणि मनाई, दोन्ही इ.स.पू. 63 चीच.

नंतर सुन वान-श या माजी कारकुनाने त्याला विचारलं, की त्या दिवशी वाड्याचे दरवाजे रोखून सेनापतीचं डोकं का उडवलं नाहीस, शिक्का का काढू दिलास? लियू ह म्हणाला, खरं आहे, संधी हुकली. हे बोलणं वर कळवलं गेलं. 4000 पैकी 3000 घरं काढून घेण्यात आली आणि इ.स.पू. 59 मध्ये तो वारला.