आधी स्वतःचा वाटा : साहाय्यक अनुदानाची अट आणि महाराष्ट्रातील शिक्षणसंस्था

आज एखाद्या शाळेचा, वसतिगृहाचा किंवा लोकसेवेचे कार्य करणाऱ्या मंडळाचा चिटणीस आर्थिक साहाय्यासाठी अर्ज लिहावयास बसतो, तेव्हा त्याच्यापुढे काही ठराविक प्रश्न येतात. संस्था नोंदलेली आहे काय? तिची व्यवस्था कोणाच्या हाती आहे? हिशेब तपासलेले आहेत काय? देणाऱ्याच्या तपासनीसास दप्तर पाहू दिले जाईल काय? आणि शेवटी, एकूण खर्चापैकी किती रक्कम संस्था स्वतः उभी करणार? देणारे सरकार असो, एखादा विश्वस्तनिधी असो किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचा काही अंश समाजकार्यावर खर्च करण्यास बांधलेली कंपनी असो, प्रश्नांचा साचा फारसा बदलत नाही. हा साचा कोठून आला आणि महाराष्ट्रातील शिक्षणसंस्थांनी त्यास कसे तोंड दिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यातही शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिले आहे. कारण साहाय्य कोणास मिळाले आणि कोण त्यापासून दूर राहिले, याचा उलगडा बव्हंशी त्या एका अटीतून होतो.

विद्येसाठी द्रव्य देण्याची प्रथा आपल्याकडे इंग्रजी अमलाच्या आधीपासून होती. खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यास चालविली. ती व्यक्तीस मिळे. विद्वान ब्राह्मणाची परीक्षा होई, योग्यतेप्रमाणे रक्कम हातावर पडे, आणि तिचा विनियोग कसा झाला हे विचारण्याचा प्रश्नच नसे. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनसाहेबांनी ही देणगी एकदम बंद केली नाही. वार्षिक सुमारे ५०,००० रुपयांच्या मर्यादेत ती चालू ठेवली आणि १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. १८४९ साली पुण्यातील नवशिक्षित तरुणांनी, लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने, या रकमेचा काही भाग मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठी वापरावा असा अर्ज केला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. येथे एक महत्त्वाचा फरक पडला. दान आता जन्मावर आणि पाठांतरावर न मिळता कामावर मिळू लागले, आणि ते काम योग्य आहे की नाही हे ठरविणारी एक समिती बसली. समिती आली की निवड आली, आणि निवड आली की नकारही आला. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे आपले नाटक या समितीकडे पाठविले होते. ते स्वीकारले गेले नाही.

अनुदानाच्या खऱ्याखुऱ्या पद्धतीचा आरंभ मात्र १९ जुलै १८५४ च्या वुडच्या खलित्याने झाला. या खलित्यामागे इंग्लंडातील अनुभव होता. तेथे १८३३ मध्ये पार्लमेंटने शाळांच्या इमारतींसाठी प्रथमच २०,००० पौंड मंजूर केले, आणि ते देताना खर्चाचा निम्मा हिस्सा लोकांनी वर्गणीने जमवावा अशी अट घातली. या अटीमागील हेतू वाईट नव्हता. सरकारी पैसा फुकट जाऊ नये, आणि जेथे शाळेची खरी निकड आहे व ती चालविणारी माणसे आहेत तेथेच तो जावा, असा तो हेतू होता. तथापि त्याचा परिणाम असा झाला की ज्या वस्तीत वर्गणी देण्याची ऐपत होती तेथे सरकारी पैसा पोहोचला, आणि जेथे दारिद्र्य अधिक तेथे तो पोहोचला नाही.

वुडच्या खलित्याने हेच तत्त्व हिंदुस्थानात आणले. धर्माच्या बाबतीत सरकार तटस्थ राहील. शाळेत चांगले लौकिक शिक्षण दिले जावे. स्थानिक व्यवस्था भरवशाची असावी. सरकारी तपासणी मान्य करावी. आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी, या खलित्यातील मुख्य अटी होत. शिक्षकांच्या पगारात भर, शिष्यवृत्त्या, पुस्तके, इमारती अशा विशिष्ट कामांसाठी साहाय्य द्यावयाचे होते. अगदी फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, ही फीच्या अटीमागील समजूत होती. अनुदान हे स्थानिक प्रयत्नास पूरक, त्याची जागा घेणारे नव्हे, हा या सर्व योजनेचा गाभा होय.

प्रांतोप्रांती त्याची अंमलबजावणी निरनिराळी झाली. मद्रासेत शिक्षकांच्या पगारावर अनुदान मिळे, तर मुंबई इलाख्यात निकालावर. तपासनीस वर्षातून एकदा येई, मुलांची परीक्षा घेई, आणि किती मुले कोणत्या विषयात उतरली त्या मानाने शाळेस रक्कम मिळे. हिशेबाच्या दृष्टीने ही पद्धत सोयीची होती. परंतु पेरणी-कापणीच्या दिवसांत मुले शेतावर जात, घरी अभ्यास घेणारे कोणी नसे, अशा शाळेवर ती उलटत असे. ज्या शाळेस पैशाची गरज अधिक तिचा निकाल कमी, आणि निकाल कमी म्हणून पैसाही कमी, असा हा फेरा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत मागे पडली.

या व्यवस्थेतील अंतर्विरोध सर्वांत स्पष्टपणे कोणी मांडला असेल तर तो जोतीराव फुले यांनी. त्यांच्या मुलींच्या व अस्पृश्यांच्या शाळा १८४८ नंतरच्या काही वर्षांत निघाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी सधन वर्गणीदारांचा समाज नव्हता. काही युरोपियन व देशी हितचिंतकांच्या देणग्या आणि दक्षिणा फंडातून मिळालेले साहाय्य यांवर त्या चालल्या. १८५७ च्या उठावानंतर युरोपियनांच्या वर्गण्या आटल्या व शाळांचा आधार गेला, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. हा अनुभव पाठीशी असलेल्या फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगास आपले निवेदन सादर केले. सरकारी उत्पन्न रयतेच्या श्रमातून येते आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांस होतो, ही त्यांची मुख्य तक्रार होती. मुंबई इलाख्यात शेतकरी जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड भरीत असे आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. म्हणजे अनुदानाच्या परिभाषेत बोलावयाचे तर रयतेने आपला वाटा आधीच भरला होता. तो तिच्या नावे धरला मात्र जात नव्हता. प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे आणि मागासलेल्या वर्गांस शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांची मागणी होती. शिवाय सरकारने वरच्या शाळांतून व महाविद्यालयांतून अंग काढून घेऊन त्या खाजगी प्रयत्नांवर सोपवू नयेत, असेही त्यांनी बजाविले. आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवावे आणि माध्यमिक शिक्षण अनुदानाच्या मार्गाने खाजगी संस्थांनी वाढवावे, अशी शिफारस केली. पुढील कित्येक दशकांचे धोरण या शिफारशीने ठरविले.

खाजगी संस्थांपुढे आता प्रश्न असा होता की, स्वतःचा वाटा आणावयाचा कोठून? त्याला मिळालेली तीन उत्तरे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर पुण्याच्या शिक्षकांचे. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. संस्थानिकांच्या देणग्या नामजोशींनी खटपट करून मिळविल्या. पण संस्थेचे खरे भांडवल आजीव सभासदांचे श्रम हे होते. वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याची प्रतिज्ञा, आणि ते वेतन पुढे दरमहा ७५ रुपये. बाहेर अधिक मिळविण्याची योग्यता असलेल्या पदवीधरांनी सोडून दिलेली मिळकत हाच संस्थेचा वाटा होता. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. त्या वादात इतर कारणे होतीच, तथापि सभासदांनी संस्थेबाहेर मिळकत करावी की नाही, हा त्यातील एक प्रमुख मुद्दा होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहता तो केवळ स्वभावांचा झगडा ठरत नाही. श्रम हेच भांडवल असेल तर त्यातील तूट म्हणजे भांडवलातील तूट होय, हा प्रश्न त्याच्या बुडाशी होता.

दुसरे उत्तर स्त्रीशिक्षणाच्या संस्थांचे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्याने देऊन व ग्रंथ लिहून द्रव्य जमविले. १८८७ मध्ये बॉस्टन येथे त्यांच्या साहाय्यार्थ मंडळ स्थापन झाले. त्याने दहा वर्षे मदतीची हमी घेतली आणि १८८९ मध्ये मुंबईस शारदासदन निघाले. धर्माच्या बाबतीत तटस्थता ही या साहाय्याची अट होती. संस्था पुण्यास आल्यावर, त्या अटीचा भंग होत आहे असे वाटल्यावरून रानडे व भांडारकर यांनी १८९३ मध्ये सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. दाता दूर, देखरेख जवळच्यांची आणि चालिका स्वतंत्र मनाची, अशा स्थितीत अटीचा अर्थ कोणी लावावयाचा, हा पेच येथे प्रथम उभा राहिला. परदेशी मदतीवर चालणाऱ्या संस्थांस तो आजही अपरिचित नाही.

शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा वेगळा मार्ग धरला. एका मोठ्या दात्याऐवजी पुष्कळ लहान दात्यांकडे ते गेले आणि आलेल्या पैपैचा हिशेब छापून प्रसिद्ध करीत राहिले. १९१६ च्या महिला विद्यापीठास सरकारी मान्यता नसतानाही ते उभे राहिले, ते या सवयीमुळे. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठास मिळाले. एवढी मोठी देणगी येण्यापूर्वी चोवीस वर्षे लहान वर्गण्यांचा पाया घातला गेला होता, हे विसरता येत नाही.

तिसरे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. १९१९ मध्ये काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्ये साताऱ्यास आली. ज्या मुलांसाठी ती होती त्यांच्या आईबापांपाशी रोख पैसा नव्हता. धान्य होते आणि हातात बळ होते. म्हणून वर्गणी धान्याच्या रूपाने आली, आणि विद्यार्थी स्वतः शेतात राबले, स्वयंपाकास लागले, इमारतीस दगड वाहू लागले. वसतिगृहातील मुलांना अन्न कमी पडले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. १८८२ मध्ये फुल्यांनी ज्या रयतेच्या वतीने निवेदन केले, तीच रयत येथे आपला वाटा आपल्याला परवडेल अशा नाण्यात मोजून देत होती. जातिभेद न मानणारे हे वसतिगृह महात्मा गांधींनी १९२७ मध्ये पाहिले आणि पुढे हरिजनफंडातून त्यास वार्षिक मदत मिळू लागली.

या संस्थेच्या इतिहासातील एक प्रसंग अनुदानाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. स्वातंत्र्यप्राप्तीनंतर, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ रोखले. परक्या सरकारच्या काळात नव्हे, तर स्वतःच्या सरकारच्या काळात हे घडले. शाळा बंद पडल्या नाहीत. लोकांनी त्या चालविल्या आणि पुढे अनुदानही पूर्ववत सुरू झाले. सरकारी मदत ही कृपा आहे की रयतेच्या कराचा परतावा आहे, हा फुल्यांचाच प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला होता.

या तिन्ही उत्तरांतून एक सामान्य निष्कर्ष निघतो. ज्या संस्था टिकल्या त्यांनी अनुदान शोधण्यास निघण्यापूर्वी आपला वाटा कोणत्या रूपाने देता येईल हे ठरविले होते: पुण्यात तो श्रमाचा होता, हिंगण्यास लहान वर्गण्यांचा आणि साताऱ्यास धान्याचा व घामाचा. एकाच दात्यावर सर्व भार त्यांनी टाकला नाही, आणि जेथे टाकला गेला तेथे अटीचा पेच आला. आजच्या चिटणिसास अर्जाचे रकाने भरताना हा इतिहास उपयोगी पडेल. स्वयंसेवकांचे तास, गावाने दिलेली जागा, पालकांचे श्रम यांची नोंद ठेवणे म्हणजे आपला वाटा दृश्य करणे होय.

परंतु केवळ स्वावलंबनाचे कौतुक करून हा विषय संपविणे न्यायाचे होणार नाही. कर्मवीर किंवा कर्वे प्रत्येक तालुक्यात निर्माण होत नाहीत. आणि सर्वसामान्य शाळा असामान्य त्यागावर अवलंबून ठेवणे हे धोरण होऊ शकत नाही. १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर शाळा व महाविद्यालये निघाली. पुढे शाळांच्या मान्यतेस ‘कायम विनाअनुदानित’ अशी अटही जोडली गेली आणि २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळावा लागला. मधल्या काळात या शाळांतील कित्येक शिक्षकांनी नाममात्र पगारावर किंवा पगाराविना काम केले. १८८५ च्या आजीव सभासदाने अल्प वेतन स्वतः पत्करले होते. या शिक्षकांवर ते लादले गेले. दोहोंस त्याग हा एकच शब्द लावणे योग्य नव्हे.

‘आधी तुमचा वाटा दाखवा’ ही अट देणाऱ्याच्या दृष्टीने गैर नाही. मात्र ती घालणाऱ्याने दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. मागणाऱ्याने आपला वाटा कराच्या किंवा श्रमाच्या रूपाने आधीच दिलेला आहे काय, ही एक. आणि ज्यास काहीच देता येत नाही त्याची गरज सर्वांत मोठी तर नाही ना, ही दुसरी. हंटर आयोगापुढील निवेदनास आज एकशे चाळीसहून अधिक वर्षे लोटली आहेत. त्यातील या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आपल्या अनुदानव्यवस्थेस अद्याप द्यावयाचे आहे.