बुर्गवेडेलच्या रुळावर

शनिवार, 23 जून 1928. जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या बुर्गवेडेलला तुम्ही रुळाच्या कडेला उभे आहात. सपाट माळरान, त्यातून दोरी लावून आखल्यासारखा गेलेला सरळसोट लोहमार्ग, आणि दुतर्फा हजारोंची गर्दी. टाचा उंचावून सगळे एकाच दिशेला बघताहेत. रुळावर एक बुटकी, चार चाकांची गाडी आहे: ओपेल राक 3. इंजिन नाही, बॉयलर नाही. मागच्या अंगाला नळ्यांची तोंडं दिसतात. त्या नळ्यांत बंदुकीची दारू ठासून भरलेली आहे. दिवाळीच्या बाणात असते तीच, फक्त यंत्राने दाबून दगडासारखी घट्ट केलेली. आत माणूस नाही, आणि नाही तेच बरं.

नळ्या फ्रीडरिश झांडर यांच्या कारखान्यातल्या आहेत. वादळात सापडलेल्या जहाजांकडे दोर फेकण्यासाठी त्यांची रॉकेटं वापरली जातात. पैसा आणि धडाडी फ्रिट्झ फॉन ओपेल यांची. ठीक महिन्यापूर्वी, 23 मे रोजी, बर्लिनच्या आवुस मार्गावर ते स्वतः 24 रॉकेटांच्या मोटारीत बसले होते आणि ताशी 230 किलोमीटरच्या पुढे गेले होते. पण ही सगळी कल्पना ज्याने त्यांच्या डोक्यात घातली तो माक्स व्हालियर. मला विचाराल तर या गोष्टीचा जीव त्याच्यात आहे. त्याला मोटार नको होती, रेल्वेही नको होती. त्याला अंतराळात जायचं होतं. आधी मोटार, मग रूळ, मग विमान, मग वातावरणाच्या वर, असा जिना त्याने मनात बांधला होता. तुम्ही उभे आहात ती त्यातली दुसरी पायरी.

बत्ती लागते. आधी ज्वाळा दिसते, मग फाडल्यासारखा आवाज येतो. तुम्ही मान वळवेपर्यंत गाडी समोरून गेलेली असते. ताशी सुमारे 254 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सत्तर मीटर, क्रिकेटच्या साडेतीन खेळपट्ट्या. रुळावर इतक्या वेगाने तोवर काहीही धावलेलं नव्हतं. 1903 पासून विजेच्या गाडीचा ताशी 210 चा विक्रम अबाधित होता. मागे पांढरा धूर रेंगाळतो, घशात गंधकाचा तिखट वास बसतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा वास, पण भर दिवसा आणि परक्या मुलखात.

चाकांकडे बघा. आगगाडीच्या इंजिनात चाकच रुळाला धरून गाडी ओढतं, पकड सुटली की ते जागीच फिरतं. इथे चाकं नुसती वाट दाखवतात, ढकलतो तो मागे फेकला जाणारा वायू. म्हणून तर हा वेग. पण ती दारू एकदा पेटली की आवरता येत नाही; कमी-जास्त करण्याची सोयच नसते. दुसऱ्या फेरीला जास्त रॉकेटं लावतात आणि गाडी रूळ सोडून उधळते. तिचे तुकडे होतात. ऑगस्टमध्ये राक 4 रुळावरच फुटते आणि रेल्वे प्रशासन पुढच्या चाचण्या बंद पाडते.

आता तुमच्या घरात या, याच गाडीचा छोटा डबा प्रतिकृती म्हणून बनवू. टेबलावर चार मीटरचा सरळ फळा, त्यावर 16.5 मिलिमीटर रुंदीचा छोटा रूळ, म्हणजे खऱ्या मार्गाचा सत्त्याऐंशीवा भाग. इंजेक्शनच्या सुया कापून नळ्या करा, बोथट टोक बाहेर ठेवा, आत नारिंगी एलईडी आणि मागे तारेवर ओढलेला पिंजलेला कापूस. मग मोह होतोच: एक खरी, छोटी रॉकेट मोटर बसवली तर? थांबा, आधी हिशोब करा. सर्वात लहानांपैकी, अडीच न्यूटन-सेकंदाची मोटर शंभर ग्रॅमच्या डब्याला, घर्षण सोडलं तर, सेकंदाला पंचवीस मीटरचा वेग देते. प्रतिकृतीच्या मापाने तो ताशी सुमारे 7,800 किलोमीटर! दारूला मापपट्टी कळत नाही. डबा फळ्यावर टिकणार नाही, आणि घरात तर हा प्रयोग करूच नये.

मापातला खरा वेग सेकंदाला फक्त 81 सेंटिमीटर. तुमच्या चालण्याहूनही कमी. म्हणून आत छोटी विजेची मोटर घाला. तुम्ही उभे राहून पाहिलंत तर ती गोगलगाय वाटेल आणि मन खट्टू होईल. गुडघे टेकून गाल फळ्याला लावा. डोळा रुळाच्या पातळीवर आला की पाच सेकंदांची ती धाव एकदम बुर्गवेडेलची होते.

व्हालियर मात्र तिथे थांबला नाही. ओपेलशी त्याचं बिनसलं. जुलैमध्ये हार्त्स डोंगरांच्या परिसरात त्याने दुसऱ्यांबरोबर रुळावरचीच नवी रॉकेट गाडी पळवली. मग दारू सोडून द्रव इंधनाकडे वळला, कारण तेच आवरता येतं. 17 मे 1930 ला बर्लिनमध्ये त्याची मोटर चाचणीच्या टेबलावर फुटली. तो पस्तीस वर्षांचा होता.

फळ्याच्या टोकाला स्पंजचा तुकडा ठेवायला विसरू नका. डबा त्यात रुततो, चाकं क्षणभर फिरत राहतात, नारिंगी दिवा तसाच जळत असतो. उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवा.