‘हें क्रिकेट नव्हे’

‘इट्स नॉट क्रिकेट’ असें इंग्रज गृहस्थ म्हणतो, तेव्हां तेथें बॅट, चेंडू वा मैदान असतेंच असें नाहीं. एखाद्या भागीदारानें करारांतील पळवाट शोधून सोबत्याला बुडविलें, तर कायद्याला तो गुन्हा ठरवितां येत नाहीं. पण सभ्य समाजाला तें रुचत नाहीं. ही नापसंती सांगण्यास इंग्रजीनें खेळाचें नांव घेतलें. मराठींत ‘रडीचा डाव’ म्हणतात खरें. परंतु रडीच्या डावांत बहुधा नियमच मोडलेला असतो. येथें नियम शाबूत असतो आणि तरीही कृत्य गैर ठरतें.

गंमत अशी कीं, या खेळाचा आरंभकाळ फारसा सोवळा नव्हता. अठराव्या शतकांत उमराव लोक सामन्यांवर मोठमोठ्या पैजा लावीत. १७४४ सालीं लंडनमध्यें नियम लेखी झाले. पैजांचे तंटे तोडण्यास अशा नियमांची गरजच होती. नीतीचें वलय क्रिकेटला लाभलें तें पुढें एकोणिसाव्या शतकांत, वरिष्ठ वर्गाच्या शाळांतून. तेथें क्रिकेट हें शीलसंवर्धनाचें साधन मानलें गेलें आणि हा वाक्प्रचार रूढ झाला.

त्याची खरी परीक्षा १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यांत झाली. फलंदाजाच्या अंगावर उसळणारे वेगवान चेंडू टाकावयाचे आणि पायाच्या बाजूस क्षेत्ररक्षकांचें कडें उभें करावयाचें, हा इंग्लंडचा डाव तत्कालीन नियमांत बसत होता. ॲडलेडच्या सामन्यांत कर्णधार वुडफुलच्या छातीवर चेंडू बसला. एकच संघ क्रिकेट खेळत आहे, अशा आशयाचे कडक शब्द त्यानें इंग्लंडच्या व्यवस्थापकांना ऐकविले. इंग्रजांचें वचन इंग्रजांवरच उलटलें! ऑस्ट्रेलियाच्या मंडळानें तारेनें या खेळाला अखिलाडू म्हटलें. मेरिलबोन क्लबाला तो शब्द झोंबला. १९३४ सालीं मात्र त्याच क्लबानें फलंदाजावर थेट हल्ला करणारी गोलंदाजी अन्याय्य ठरविली.

हा डाव चालविणारा कर्णधार जार्डिन मुंबईंत जन्मलेला आणि ऑक्सफर्डला शिकलेला होता. तो अमलांत आणणारा मुख्य गोलंदाज लारवुड पूर्वी कोळशाच्या खाणींत राबलेला. लारवुडला दिलगिरीचें पत्र देण्यास सांगण्यांत आलें. कर्णधाराच्या आज्ञेप्रमाणें खेळलों, मग दिलगिरी कसली, म्हणून त्यानें नकार दिला. त्या दौऱ्यानंतर तो पुन्हा कसोटी सामना खेळला नाहीं. जार्डिन मात्र डिसेंबर १९३३ मध्यें मुंबईच्या जिमखान्यावर, हिंदुस्थानांतील पहिल्या कसोटी सामन्यांत, इंग्लंडचा कर्णधार म्हणून उतरला. १९५० सालीं लारवुड कायमच्या वास्तव्यास गेला तो ऑस्ट्रेलियांतच. ज्या देशानें त्याला शिव्याशाप दिले होते, त्यानेंच त्याचें प्रेमानें स्वागत केलें.

नियमापलीकडेही न्याय असतो, ही या वाक्प्रचाराची थोर शिकवण आहे. पण आज्ञा देणारा सुटावा आणि पाळणाऱ्यानें भोगावें, हें तरी क्रिकेट होतें काय?