गावाचा आकडा आणि गावाची वाट

* मजकुरात दिलेली लोकसंख्या 2011च्या जनगणनेतली, म्हणजे 28 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या मधल्या रात्रीची स्थिती दाखवणारी आहे. जनगणनेचे ‘गाव’ हे महसुली गाव. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर एकाच महसुली गावात लांब लांब विखुरलेल्या अनेक वाड्या असतात, पण आकडा सगळ्यांचा मिळून एकच छापला जातो.

रस्ता मात्र वस्तीच्या हिशेबाने येतो. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाटीवर 500 आणि डोंगराळ राज्यांत 250 लोकवस्तीची अट घातली. त्यामुळे भरल्या गावातली एखादी छोटी वाडी डांबराविना राहू शकते, आणि कागदावर ते गाव ‘जोडलेले’च दिसते!

जिल्हा जनगणना पुस्तिकेत दळणवळणाचेही रकाने आहेत. एसटी गावात येत नसेल, तर ती सोय 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10 किंवा 10च्या पुढे, एवढेच तिथे कळते. चढ, ओढा, पावसाळ्यात बंद पडणारा साकव यांना रकाना नाही. अंतर किलोमीटरमध्ये मोजणाऱ्याला ते कधी चालावे लागले नसावे.

सातारा जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडच्या गावांचा व्यवहार तर वर्षानुवर्षे लाँचवर चालत आला. तापोळ्याच्या धक्क्यावरून माणसांबरोबर धान्याची पोती आणि दुचाकीही पलीकडे जातात.